तुझी शपथ मी म्हटली त्याबद्दल

प्रिय मीनल,

रविवारी आपल्या युवक मंडळात नव्या सभासदांची शपथ आहे. काल देवळीच्या बसस्टँडवर बबनदादा भेटला. म्हणाला, "सिंदीची एक पोरगी येऊन राह्यली, रेखा. तिलेही ऐकू येत नाई. मागच्या खेपेस मीनलची शपथ तूच म्हटली होती ना? याही वेळी तूच म्हणजो. तुले जमते."

हातात चहाचा ग्लास होता. फेकला नाही एवढंच. रात्रभर तुझ्याशीच भांडत होतो, म्हणून आता लिहितोय.

तू पंधरा दिवस आरशासमोर ती शपथ हातांनी बसवली होतीस. 'गाव' म्हणताना बोटांचं छप्पर करायचीस. आणि ऐन वेळी, सगळे उजवा हात पुढे करून उभे असताना दादा म्हणाला, "शपथ तोंडानं घ्या लागते बाप्पा. हातानं घेतली तं कोणाले समजन?"

तुला समजत होती ना? मग बाकीच्यांचं काय अडलं होतं?

आणि मी? त्याच्याशी भांडायचं सोडून पुढे झालो. "मी म्हणतो तिच्या नावानं." टाळ्या पडल्या. चारचौघांत तुझ्या शेजारी उभं राहायला मिळालं, त्याचीच धुंदी चढली होती. प्रेमात माणूस इतका गाढव होतो का गं?

घरी जाताना तू मोबाईलवर लिहून माझ्यासमोर धरलंस, 'ती शपथ माझी होती. तू काऊन घेतली?' मी हातांनी समजवायला लागलो तर तू डोळे मिटलेस. झालं, भांडण संपलं. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हाही चार दिवस मी समोर आलो की डोळे मिटायचीस. पाचव्या दिवशी उघडलेस तरी. या वेळी मधेच ताप आला, आणि दवाखान्यातून तू परत आलीच नाहीस. एवढी कसली घाई होती? अजून थोडं रागवायचं होतंस माझ्यावर.

दादाचा राग येतो. शपथ झाल्यावर तुझ्या गळ्यात मंडळाचा पिवळा स्कार्फ घालून माझं अभिनंदन करणाऱ्या त्या प्रमुख पाहुण्याचा येतो. पण सगळ्यात जास्त माझा येतो. माझी ती शहाणपत्ती आता मंडळाची रीत झाली.

आज सकाळी सिंदीला गेलो. रेखाला आधी विचारलं. हातांनीच घ्यायची म्हणाली. तुझा सरावाचा व्हिडिओ दाखवला, तर दोन ठिकाणी तिनं नाक मुरडलं. ती तिच्या पद्धतीनं करणार आहे. तू असतीस तर तिथंच जुंपली असती तुमची.

मग दादाला फोन लावला, रेखा शपथ हातांनीच घेणार म्हणून सांगितलं.

"अन् टाइम किती लागन?"

"लागन तितका."

"लोकं काय पाहतीन तवरक?"

"तिचे हात."

मी फोन ठेवला नाही. शेवटी दादा म्हणाला, "ये रविवारी. पाहू."

पाहू नाही. तुला वचन देतो, मी तिच्या शेजारी उभा राहणार नाही. मागच्या रांगेत बसेन. तिचे हात थांबेपर्यंत एकही स्कार्फ कोणाला उचलू देणार नाही. आणि कोणी मागे वळून मला विचारलं, 'काय म्हणून राह्यली ते?', तर त्याची मान धरून पुढे वळवीन.

अजूनही तुझाच,
विक्या