नसीमच्या ट्रंकेतली चांदी

जयपूर,
ईदचा दुसरा दिवस

प्रिय सई,

ताईचे आशीर्वाद. गुडघा बरा आहे. काल चारदीवारीत, इथल्या जुन्या शहरात, चालत जाऊन आले, तेव्हा फोन करून रागावू नकोस. भावजींचा खोकला थांबला का?

लाखेच्या बांगड्या करणारी माझी नसीम तुला आठवत असेल. नवरा अंथरुणाला खिळलेला, डब्यात पीठ नाही. रमजानात मशिदीतली माणसं जकातीचं, म्हणजे गरिबांसाठी काढलेल्या दानाचं, रेशन घेऊन आली, तर बाईने दारातूनच परत पाठवलं. का, तर ट्रंकेत मुलीच्या लग्नासाठी जमवलेली चांदी आहे. एवढी चांदी घरात असलेल्याला जकात घेता येत नाही म्हणे. ती मुलगी मागच्या थंडीत तापाने गेली, सई.

मी भडकले. म्हटलं, "तुझी ट्रंक उघडून कोण बघणार आहे?"

"मैडमजी, मुझे तो पता है ना."

माझे पैसेही नुसते घेत नाही, बांगड्या घ्या म्हणते. या वयात मी दोन्ही हात भरून फिरते आहे. आणि इथे लोक एक पिशवी देताना चार फोटो काढून घेतात.

काल गेले तर कोपऱ्यात पिठाची गोणी. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी सगळी चांदी विकली, मुलीच्या पैंजणांसकट.

"अब ले सकती हूँ," ती म्हणाली आणि शेवयांची वाटी माझ्या हातात दिली.

आईची चांदी वाटून घेऊ, असं तू लिहिलं होतंस. माझा वाटा तुलाच राहू दे. फक्त तिचे पैंजण मोडू नकोस.

तुझी,
देवयानीताई