भुकटी कुठे जाते

२ एप्रिल
आज अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, मागच्या खोलीचा मेन स्विचच पाडला. मी आऱ्यावर फळी कापतेय आणि आरा एकदम बंद! कारण मंदारला सकाळी पुन्हा दमा उठला. पंप दोनदा ओढला तेव्हा कुठे छाती मोकळी झाली. त्यांचं म्हणणं सरळ आहे — घरात आरा राहील नाहीतर माझा मुलगा.

चुकीचं काय बोलल्या? शिसवाची भुकटी त्यांच्या देवांवरसुद्धा बसते. पण भैरवगढच्या कापडछपाईवाल्यांना ठशांसाठी लाकूड कापून देणं हे माझं स्वतःचं काम आहे. नोकरी गेल्यावर उभं केलेलं. ते सोडवत नाही.

३ एप्रिल
अक्कांना शब्द दिला. भुकटी ओढून बाहेर टाकणारं काहीतरी बसवते. त्यानंतर मंदारला एकदा जरी दमा उठला, तर आरा भैरवगढच्या तुषारला देऊन टाकेन. तो कधीचा मागतोय.

"इतनी बड़ी शर्त कशाला लावतेस?" मंदार म्हणाला. मी ऐकलं नाही. नेहमीप्रमाणे.

७ एप्रिल
बसलं! फ्रीगंजच्या बाजारातून ब्लोअर आणला. आऱ्याखाली पेटी, पेटीतून पाइप झाकणबंद ड्रममध्ये. जाड भुसा ड्रममध्ये गरगर फिरून तळाला पडतो, बारीक भुकटी ब्लोअर बाहेर फेकतो. भिंतीला भोक पाडून पाइपाचं तोंड मागच्या बोळात काढलं. तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणजे शेजाऱ्यांची कटकट नाही.

टेबलावर पांढरा रुमाल ठेवून मनसोक्त कापलं. रुमाल पांढराच! अक्कांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

९ एप्रिल
उकाडा. मंदारने माळ्यावरून कूलर उतरवून झोपायच्या खोलीच्या खिडकीत बसवला. कूलर हे त्याचं खातं. बोळात जाऊन पाणी तोच भरतो, गवत तोच बदलतो.

१२ एप्रिल
मंदार खोकतोय. अक्का माझ्याकडे बघतात. तो म्हणतो, शेतात नरवाई, गव्हाची धसकटं, जाळताहेत, सारं उज्जैन खोकतंय. धुराचा वास येतो खरा. पण मला धाकधूक.

१५ एप्रिल
ब्लोअर ओढेनासा झालाय. भुसा टेबलावरच राहतो. सगळे जोड उघडून पाहिले, ड्रम रिकामा केला. काही सापडेना! भैरवगढचं काम अर्धं पडलंय आणि माझी चिडचिड मंदारवर निघतेय. तो हल्ली न्हाणीघरात फार वेळ लावतो, नळ सोडून.

१८ एप्रिल
शेवटी बोळात गेले. जोडणी केल्यापासून पहिल्यांदाच.

पाइपाच्या तोंडाला बनियन बांधलेलं. सुतळीने, घट्ट. भुकटीने टम्म फुगलेलं. म्हणूनच ब्लोअर ओढत नव्हता. आणि पाइपापासून हातभरावर आमचा कूलर! जाळीतलं गवत काळपट तपकिरी झालेलं. म्हणजे मी भुकटी बोळात टाकत होते आणि कूलर ती ओढून मंदारच्या उशाशी आणत होता.

बनियन मंदारचं. म्हणजे त्याला माहीत होतं.

 कूलर बंद केला आणि तिथेच पायरीवर बसले.

१९ एप्रिल
विचारलं. आधी नरवाईच म्हणाला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू शब्द पाळला असतास."

त्याचा पंप हलवून पाहिला. पाडव्याला नवा आणलेला, दोन महिने सहज पुरतो. रिकामा. न्हाणीघरात नळ त्यासाठीच सोडायचा.

तुषारला फोन केला. आरा घेऊन जा.