उरवड्याच्या बिरूदादांना, ‘कचरा’ नावाच्या फायलीबद्दल

माले, गुरुवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे
(मेंढरे रानात, उज्वला मेंढरांबरोबर, घर रिकामे)

ती. बिरूदादांना धनाजीचा दोन्ही हातांनी रामराम.

पत्रात आधी खुशाली विचारायची असते हे मला ठाऊक आहे. पण मागच्या महिन्यात बारशाच्या पंगतीत तुम्ही चाळीस माणसांत “पाव्हणं, तुमी दिसभर नक्की करता तरी काय?” असे विचारलेत, आणि मी तोंड उघडायच्या आत वाढप्याकडे मठ्ठा मागितलात. म्हणून खुशालीच्या आधी उत्तर देतो. मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. गिटार एक, पाठ जांभळाची, पोट सागवानी (कपाटाचे दार, कपाट अजून आहे, त्याला पडदा लावला आहे). त्याच गिटारची घोडी, म्हणजे जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी, आजवर तीन, कारण दोन उडाल्या. माइक दोन, आतल्या सोल्डरिंगसकट. माइकचा स्टँड, फवारणीच्या पंपाच्या नळीचा. तोंडातली फुंकर माइकवर जाऊ नये म्हणून समोर धरायची जाळी, पिठाच्या चाळणीची (उज्वलाला नवी चाळणी आणून दिली आहे, तिच्यातून पीठ नीट पडत नाही हा चाळणीचा दोष, माझा नव्हे). रेकॉर्डिंगची खोली एक, आतून सात फूट बाय साडेपाच. आणि गाणी सव्वीस, पैकी चोवीस पूर्ण. हे सर्व कोणाही गुरूवाचून. मोबाइलवर गिटार शिकवणारे जे लोक आहेत त्यांना मी गुरू धरत नाही. त्यांतल्या तिघांना मी त्यांच्या चुका लिहून कळवल्या आहेत. एकाने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले.

आता खुशाली. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असल्यास उजवा.) वहिनींची साखर उतरली का? कंपनीच्या स्टोअरमध्ये तुम्हाला बसायला खुर्ची मिळाली असे उज्वला म्हणाली, फार बरे वाटले. तुम्ही म्हणाल, उरवडे काही परदेशात नाही, फोन करायचा सोडून हा माणूस चार पाने का लिहितो. तर आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त चुलीपासून दीड हातावर, आणि तिथे उज्वला बसलेली असते. हा विषय तिच्यासमोर बोलण्याचा नाही, तो तिच्याबद्दलचा आहे. मारुंजीच्या एका कंपनीला सोमवारी सकाळी अकरापर्यंत एक उत्तर द्यायचे आहे, ते चुकले तर नुकसान तुमच्या बहिणीचे आहे, आणि त्यात तुमचा सल्ला लागेल. पण सल्ला देणाऱ्याला प्रकरण मुळापासून माहीत हवे, म्हणून मुळापासून लिहितो.

मूळ मारुंजीतच आहे. माझे कार्यक्रम हल्ली वाढले आहेत, हे तुमच्या कानावर नसेल. धरणाकडच्या एका रिसॉर्टवर मी दोनदा वाजवले (मॅनेजरचे म्हणणे एवढेच की जेवणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू आले पाहिजे, मी म्हटले, मग मला कशाला बोलावले). जानेवारीत मारुंजीतल्या एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये वर्धापनदिन होता, तिथे मला पाणीपुरीच्या टेबलाशेजारी उभे केले. व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी मला नखशिखांत पाहून घोंगडे का आणले नाही असे विचारले. मी म्हटले, मी स्वतंत्र कलाकार आहे, माझी स्वतःची गाणी आहेत. त्या म्हणाल्या, हो का, पण फोटोत घोंगडे चांगले दिसले असते. तिसऱ्या गाण्याला, म्हणजे ‘पिरंगुटच्या चढाला पंक्चर’ या माझ्या प्रमुख गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला, गिटारची घोडी सुटली आणि सहाही तारांसकट उडाली (दमट हवेत डिंक धरत नाही, ही गोष्ट कारखान्यात बनलेल्या गिटारींनाही होते, त्यांचे मालक फक्त सांगत नाहीत). ती तिखट पाण्याच्या पातेल्यात पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला आणि मी तसे वाटू दिले. पातेल्यातून घोडी काढून देणाऱ्या ज्या तरुण बाई होत्या, त्यांचे नाव किमया. त्यांची कंपनी मोबाइलवर एक ॲप चालवते, ज्यांना झोप लागत नाही अशा लोकांना आवाज ऐकवून झोपवायचे. (हिंजवडीत अशी माणसे लाखांनी आहेत म्हणे. त्यांना आठवडाभर मेंढरांमागे चालवावे असे मी सुचवले, त्या हसल्या.) म्हणाल्या, काका, घरी रेकॉर्ड केलेले काही असेल तर पाठवा, आम्हाला गावाकडचे, खरेखुरे हवे आहे.

दादा, सत्तेचाळीस वर्षांत मला प्रथमच कोणी ‘पाठवा’ म्हणाले. आजवर ‘थांबवा’ हेच जास्त. मी ठरवले की पाठवायचे ते जगात कुठे खोट निघणार नाही असे पाठवायचे, आणि त्यासाठी आवाजबंद खोली बांधली. तुम्हाला माहीतच आहे, लोकर हल्ली कोणी फुकटही नेत नाही. दोन वर्षांची एक्केचाळीस किलो पडून होती. ती पत्रा आणि घोंगड्यांच्या मध्ये ठासून भरली. आत बसल्यावर स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू येतो इतकी शांतता. लोकर मात्र मी धुतली नाही. हा आळस नव्हे. न धुतलेल्या लोकरीत तेल असते आणि तेलात आवाज बुडतो, हे माझे स्वतःचे संशोधन आहे. मेंढपाळाच्या पोटी जन्मून एक गोष्ट तेवढी माझ्या ध्यानातून सुटली. मेंढरे रानात गेली की कोकरे घरी राहतात, आणि कोकरू आई ओळखते ते वासाने. पहिल्या दिवशी मी दार लावून पहिली तार छेडली आणि बाहेर अकरा कोकरे दाराला नाक लावून उभी राहिली. त्यांच्या हिशेबाने गावातल्या सगळ्या आया आत होत्या आणि मी त्यांना कोंडले होते. जे ओरडायला लागली ते पंक्चरच्या चारही कडव्यांवर ओरडत राहिली. उज्वला चुलीपुढून न उठता म्हणाली, “लोकर धुतली असती म्हंजे कोकरांनी ह्या खोपटाला आई म्हटलं नसतं.” हे मी त्या दिवशी ऐकून घेतले नाही, आज तुम्हाला लिहितो आहे.

कोकरे परड्यात नेली, परत आली. दाराला फळी लावली, त्यांनी फळी चाटली. माझ्याही अंगाला तो वास बसला, त्यामुळे मी एसटी स्टँडवर निघालो तरी दोन-चार मागे येत. शेवटी उज्वलाच म्हणाली की तुमचे होईपर्यंत मी बाहेर बसते. मेंढरे आठवड्यातले तीन दिवस आमच्या शेजारच्या नंदाताई नेतात आणि तीन दिवस उज्वला नेते, रविवारी जिला सवड असेल ती. नंदाताईंच्या पाळीला उज्वला घरी असते. तर त्या तीन दिवशी ती खोलीच्या भिंतीला पाठ लावून, दोन कोकरे मांडीवर घेऊन बसायची आणि गुणगुणायची. दादा, ती चाल तुमच्या आईची, कै. सारजाबाईंची. आई मेलेले कोकरू दुसऱ्या मेंढीला लावताना त्या गुणगुणत ती. शब्द नाहीत, नुसते हूंहूं. कोकरे गप्प. पण मग ते हूंहूं माझ्या गाण्यात येऊ लागले. त्यावर मी उपाय काढला (हाही स्वतःच): दुसरा माइक भिंतीच्या बाहेर उज्वलाकडे तोंड करून लावला. त्यात नुसता गोंधळ पकडायचा आणि मग तेवढाच गोंधळ संगणकात माझ्या गाण्यातून वजा करायचा. चार महिने, आठवड्याचे तीन दिवस, सकाळी साडेसात ते नऊ, मी माझ्या बायकोला माझ्या गाण्यातून काढत होतो. फार बारीक काम आहे. शेवटी दोन फायली राहिल्या. एकीला नाव दिले ‘अंतिम’, दुसरीला ‘कचरा’.

घरची रेंज गाणे पाठवण्याइतकी नाही म्हणून फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलो. एका हाताने शिडी, एका हाताने फोन, वर ऊन, पडद्यावर काही दिसत नाही, खाली अकरा कोकरे. फाईल गेली. उतरून मी उज्वलाला म्हटले, गेले एकदाचे. ती म्हणाली, बरं झालं, आता चाळणी द्या.

दहाव्या दिवशी किमयाबाईंचा फोन आला. उज्वला रानात होती, म्हणून मी चुलीपाशी निवांत बसून घेतला. त्या म्हणाल्या, “काका, टीममधले दोघं ऐकता ऐकता खुर्चीतच झोपले.” पंक्चरच्या गाण्याला माणूस झोपतो म्हणजे मान की अपमान हे मला ठरवता येईना, पण त्यांच्या धंद्यात तो मान असावा म्हणून मी आभार मानले. मग म्हणाल्या, मॅडमचा आवाज तर कमाल आहे. मी म्हटले, कोणत्या मॅडम? त्या काही तरी म्हणत राहिल्या आणि मला टाकी, ऊन आणि पडदा एकदम आठवले. मी टाकीवरून ‘कचरा’ पाठवला होता. मी लगेच खुलासा केला की ती आमची मंडळी आहे, ती कोकरे गप्प करत होती, गाणे दुसरीकडे आहे, आणि तसाच टाकीवर चढून ‘अंतिम’ही पाठवून दिली. त्यांनी ती ऐकली. ऐकली हे मी मान्य करतो, कारण त्या सहा मिनिटे चाळीस सेकंदांनी परत बोलल्या. म्हणाल्या की हेही छान आहे, पण आम्हाला पहिलेच हवे. आणि मग अगदी अदबीने: “फक्त मागे कुणीतरी डबा वाजवतंय ना, तेवढं काढून मिळेल का?”

मी म्हटले, तो डबा नाही, गिटार आहे.

“सॉरी काका. ती गिटार होती?”

दादा, यावर मी जे उत्तर दिले ते स्वाभिमानाचे होते: घ्यायचे तर गिटारसकट घ्या, नाही तर राहू द्या, आमच्याकडे असल्या गोष्टी विकत नाहीत. त्या म्हणाल्या, काका, रागावू नका, सोमवारपर्यंत विचार करा, मॅडमशी बोला. मी फोन ठेवला. मॅडमशी बोललो नाही.

त्यानंतर मात्र मी खोलीत जाऊन ‘कचरा’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. तोवर मी तो कधी ऐकला नव्हता, फक्त वजा केला होता. मी नेमकेपणाचा माणूस आहे, म्हणून सूर मोजायचे यंत्र लावून ऐकला आणि जे आढळले ते लपवत नाही. साडेचार मिनिटांत तिचा सूर एकदाही केसभर ढळत नाही. मागचा डबा तीनदा ढळतो. दोन मिनिटे चौदा सेकंदांवर ती थांबते, बहुधा मी आत तार तोडली तेव्हा, आणि कोकराला हळूच सांगते, “झालं गं, झालं त्यांचं.” आणि पुन्हा जिथे सोडले होते नेमके तिथून उचलते. मी तो भाग सात वेळा ऐकला. तांत्रिक कारणासाठी.

असो. गिटार बरी आहे, घोडी या वेळी सुताराच्या सरसाने बसवली आहे. वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. पत्र टेंपोवाल्या नरहरींबरोबर पाठवतो आहे, पाकिटाला तीन ठिकाणी पिना मारल्या आहेत, त्या मोजून घ्याव्यात.

आपला,
धनाजी

ता. क. चाल तुमच्या आईची असल्याने तिच्यावर तुमचाही हक्क पोचतो. तुमची हरकत असेल तर तसे स्पष्ट कळवा. (हरकत असल्यास माझा नकार योग्यच होता असे मला म्हणता येईल, परंतु त्यासाठी मुद्दाम हरकत घेऊ नये.)

ता. क. २. हरकत नसेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत या. उज्वलाला ही गोष्ट तुम्ही सांगा. मी सांगायला तीनदा चुलीपाशी गेलो आणि तिन्ही वेळा चहा मागून आलो. तिला आवाज ऐकवायचा झाल्यास हेडफोन माझे आहेत, तेही मीच जोडलेले, डावा कान चालतो. मी त्या वेळी मेंढरे घेऊन रानात असेन, नंदाताईंशी बोललो आहे. तिने होकार दिला तर डबा मी काढून देईन. ते काम मला जमते.

ता. क. ३. ती विचारेल म्हणून आकडा लिहितो, वर लिहायचा राहिला. साडेचार मिनिटांचे, एकरकमी, तिच्या खात्यावर, ॲपमध्ये उज्वला हे नाव घालून. तिला न विचारता मी नाकारले ते पंचावन्न हजार रुपये.