करालसेन नव्हताच तो

रविवार, संध्याकाळ. काळाचौकी.

जिंकले! घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

दादाने पोटमाळ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला आणि शाळेत असताना खेळायचो तो गेम लावला. आता कोणाला आठवणारही नाही. त्यातला खलनायक करालसेन पाचव्या लेव्हलला मरतो, आणि शेवटच्या बंद दरवाजात हुबेहूब तसाच माणूस उभा असतो. दादा म्हणायचा, तोच आहे. मी म्हणायचे, नाही. करालसेन डावखुरा, हा तलवार उजव्या हातात धरतो. "तुला काय कळतं गं?" वीस वर्षं हेच ऐकलं. दरवाजातल्या त्या माणसाला मारलं की दरवाजा बंदच राहायचा आणि गेम तिथेच संपायचा.

आज मी वारच केला नाही. नुसती थांबले.

"मार ना, वैशे, मरशील!" दादा ओरडला.

त्या माणसाचा उजवा हात हलला. माझंच चुकलं असेल तर? पण त्याने तलवार खाली ठेवली आणि दरवाजा उघडला! जुळा भाऊ असेल, कैदी असेल, देव जाणे. करालसेन मात्र नव्हता.

दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "आई, वैशीचं बरोबर होतं गं."

"कशात?" आईने विचारलं.

"सगळ्यात," मी सांगितलं.