तपासणाऱ्याचा रकाना

सोलापूर, १२ मे

ती. जगदेवीअक्कास,

शरणबसवचे शरणु शरणार्थी. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती. उत्तर आलं नाही, म्हणजे तो बरा असावा.) इथे ऊन असं तापलंय की सकाळी नऊलाच गच्चीवरच्या टाकीतून चहाचं आधण येतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. तू म्हणशील, फोन असताना हा शाई कशाला नासतोय? तर अक्का, फोनवर तू "ऊट आयतेन?" विचारतेस, मी जेवलो म्हणतो आणि तू फोन ठेवतेस. त्यात माझं सांगायचं राहून जातं. शिवाय मी जेवलेलो नसतो.

बातमी अशी की मी कॉलेजात जायला लागलोय. हसून घे एकदाचं, मग पुढे वाच. महेश्वरीला जाऊन फाल्गुनात वर्ष झालं, तेव्हा संगमेश पुण्याहून आला होता. जाताना म्हणाला, बाबा, भिंतींशी बोलत बसू नका, काहीतरी शिका. (मी भिंतींशी बोलत नाही. कॅलेंडरशी बोलतो. ते भिंतीवर टांगलंय याला माझा इलाज नाही.) इथल्या एका कॉलेजात कुठल्याही वयाच्या माणसाला संध्याकाळचे छोटे कोर्स करता येतात. अर्ज एकच, त्यावर तीन चौकोन: संगणकावर नकाशे काढणं, केक-पेस्ट्री बनवणं, आणि एखाद्या धंद्यात सहा आठवडे उमेदवारी, जिला आता इंटर्नशिप म्हणतात. एकावर खूण करायची होती. पण सरकारी नकाशा शाखेत चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. कागदावर रकाना मोकळा सोडू नये, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी तिन्हींवर खूण केली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काका, तिन्ही करणार?" मी म्हणालो, "व्हय की." माझी चूक त्यांना माझा उत्साह वाटली आणि पुढे सगळं घडलं.

नकाशे शिकवायला आरोही मॅडम आहेत. वय चोवीस. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, त्यामुळे वर्गात नेमकं कोण शिकवतंय हे बाकीच्यांना पहिले आठ दिवस कळलं नाही. आमच्या वेळी ट्रेसिंग कागदावर रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने खरवडायची, आणि खरवडताना भोक पडलं तर साहेबांच्या शिव्या खायच्या. इथे एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती असं होतं. मला ते पटत नाही. चुकीचा थोडा तरी डाग राहिला पाहिजे. तर मॅडमनी गृहपाठ दिला, आपल्या घराचा नकाशा सामानासकट काढा. मी इंचन्‌इंच मोजून काढला. मॅडम म्हणाल्या, सर, सगळं बरोबर आहे, पण ही दुसरी कॉट तुटक रेषेत का? मी सांगितलं, जे असतं पण वरून दिसत नाही ते तुटक रेषेत दाखवायचं, तुमच्याच पुस्तकात आहे. त्यांनी पूर्ण मार्क दिले. मला अक्का, ते मार्क नको होते. कॉट मी अडगळीत टाकलीय आणि तिथे नुसती फरशी आहे, तिथून जाताना मी अजून वळसा घालतो.

केकची गोष्ट निराळी. (अंड्याविना हो. अर्जावरच लिहून दिलंय.) शिकवणारे उदयसिंह सर माळशिरसचे, मिशा मोठ्या आणि हात हलका. परीक्षेला प्रत्येकाने एक केक भाजायचा होता. कागदावर दोन रकाने, तयार करणारा आणि तपासणारा. पहिल्यात मी सही केली. घंटी वाजली, केक फुगला होता, रंगही बरा होता. पण सरांना तेवढ्यात कोणीतरी ऑफिसात बोलावलं होतं. आता आमच्या शाखेत तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय नकाशा टेबलावरून हलत नसे. मी भट्टीसमोर हात बांधून उभा राहिलो. वर्गातली पोरं ओरडायला लागली, "आजोबा, काढा की भाईर, जळतोय!" मी म्हणालो, सही झालेली नाही. सर आले तेव्हा धुरात आधी त्यांच्या मिशा दिसल्या. त्यांनी केकवर सुरी टेकवली, ती टण्‌ वाजली. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, चौतीस वर्षांत कधी सवताच्या मनानं काय केलंच न्हाय का?"

मी घरी येऊन त्यावर विचार केला आणि केलेलं काही सापडलं नाही. ऑफिसात साहेब तपासायचे. घरी आमटी मी ढवळायचो, पण चमचाभर हातावर घेऊन महेश्वरी "हां" म्हणेपर्यंत गॅस बंद करायचो नाही. चाळीस वर्षांत तिने कधी उगाच हां म्हटलं नाही. आता आमटी उकळत राहते आणि मी उभा असतो. बहुतेक दिवशी ती आटून जाते, मग मी दूध-चुरमुरे खातो. हे मी संगमेशला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

राहिली इंटर्नशिप. त्रेसष्ट वर्षांचा उमेदवार कुणाला हवाय? एका ऑफिसात मला पालक समजून खुर्ची दिली, चहा दिला आणि उमेदवार कधी येणार विचारलं. चहा संपेपर्यंत मी काही सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांत कुणी समोर बसून चहा प्यायलं नव्हतं.

असो. उन्हात पापडाला गच्चीवर जाऊ नकोस. सुनेला आशीर्वाद, तुला नमस्कार.

तुझा,
शरणू

ता. क. अक्कलकोटात तुझ्या कडक भाकरीच्या कामावर चार बायका आहेत. पाचवा माणूस चालेल का? मला भाकरी थापता येत नाही, पण सगळ्या एका मापाच्या झाल्या की नाही हे पट्टी लावून सांगेन. तुझा तोही धंदाच आहे, कॉलेजला चालतं, मी विचारून आलोय. सहा आठवडे ओसरीत झोपेन.

आणखी ता. क. कुणी घेत नाही असं वर लिहिलं ते परवापर्यंत खरं होतं. काल उदयसिंह सरांनी स्टेशनाजवळच्या एका बेकरीत माझी जागा पक्की केली. घरापासून दहा मिनिटांवर. मी नको म्हणून आलो. चौतीस वर्षांत सवताच्या मनाने केलेलं हे पहिलंच.

शेवटचा ता. क. इंटर्नशिपचा अर्ज सोबत जोडलाय. सगळे रकाने भरलेत. तपासणाऱ्याचं नाव तेवढं मोकळं सोडलंय, तिथे तुझी सही करून पाठव. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा जेवलो असंच सांगेन.