शेवटच्या घराकडून सुरुवात

बाबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही होतात तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावर लिहून काय उपयोग, असं वाटत राहिलं. सातवीपर्यंतची माझी शाळा, त्यामुळे दोन ओळी झाल्या की हात अडखळतो. पण काही दिवसांपासून जिवाला चैन नाही. तुमची सून म्हणते, "तुमाले काळजी करायले कारण लागतच नाही, सकाळी उठले का शोधूनच राहता." खरं आहे तिचं. पण या वेळी कारण आहे, आणि ते तुमच्याशीच बोलावं असं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा जिल्हा एकच होता. नंतर गोंदिया वेगळा झाला, आणि भंडारा शहर आपल्याच जागी पसरत गेलं. आम्ही त्याच्या अगदी टोकाला, नाल्याच्या पलीकडे राहतो. आपली माणसं आहेत, विणकरांची चार घरं आहेत, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं म्हणून इकडे आलेली काही कुटुंबं आहेत. शहरातली कुठलीही सोय आमच्यापर्यंत येता येता दमते. नळाचं तसंच झालं, दिव्यांचं तसंच. आता शहरात इंटरनेटची तार आली आहे. केसासारखी काचेची तार, ती जमिनीखालून घरोघर जाते. पोरांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, दवाखान्याचा नंबर, आजकाल सगळं तिच्यावर चालतं. पेन्शनसाठी मी जिवंत आहे हेसुद्धा मोबाइलला तोंड दाखवून सांगावं लागतं. वस्तीत रेंज नाही, म्हणून गेल्या वर्षी मी नाल्याच्या पुलावर उभा राहून जिवंत असल्याचं दाखवलं. मागे उभा असलेला एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

तर वॉर्डाच्या शाळेत सभा भरली. तार टाकणाऱ्या कंपनीचे साहेब आले होते, आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकाबाई होत्या. साहेब चांगला माणूस, समजावून सांगत होता. आधी मोठा रस्ता, मग बाजार, मग कॉलन्या. तुमच्याकडून मागणी आली की तुमच्याकडेही येऊ, म्हणाला. मी दोनदा पाणी पिऊन आलो. तुमच्या सुनेने घरून निघतानाच बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही, बीपी वाढतं. पण मला समोर शाळेची भिंत दिसेना, आपल्या दिघोरीचा तलाव दिसायला लागला.

तुम्ही पाणकर होतात. तलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीला कधी सोडायचं, हे तुमच्या हातात. त्या वर्षी पावसाने मध्येच दडी मारली आहे, धान पिवळा पडतो आहे, आणि तलावाला लागून ज्याची शेती तो शेतकरी पाटावर आडवा उभा आहे. "माझी बांधी पयली येते गा, पाणी मायापासूनच सोड," म्हणतो. तुम्ही खांद्यावरचं फावडं खाली ठेवत नाही. "शेवटच्या बांधीले आधी," एवढंच म्हणता. आपलीही बांधी तलावाजवळच होती. मी रडकुंडीला येऊन विचारतो, आपल्याला मागून कायले? तुम्ही माझ्यावर खेकसता, "तुले पाणी रोज डोळ्यानं दिसते न? मंग धीर धर. त्या टोकावाल्याले दिसतच नाही, तो काय पाहून धीर धरीन? आन् टोकापर्यंत जाणारं पाणी कोणाच्या दारावरून जाते? तुयाच ना!"

मी उठलो आणि हेच सांगितलं. तार शेवटच्या घरापासून सुरू करा. तिथपर्यंत न्यायची म्हटली की वाटेतलं कोणी सुटणारच नाही. बाजारापासून सुरू केली तर बाजारातच संपेल, आणि आम्ही मागणीचे कागद पाठवत बसू.

मागून एक जण ओरडला, "आबाजी, हे नेट हाय, नहर नाही!" सगळे हसले. बाबा, मीही हसलो, पण खाली बसलो नाही. "नहर नसन बापू," म्हटलं, "पण टोकावर त आपूनच हावो न?" मग हसणं थांबलं. साहेब म्हणाला, टोकाकडून यायचं तर खर्च आधी होतो आणि कमाई मागून. त्याचंही खोटं नव्हतं. पण नगरसेविकाबाई हुशार. रस्ता खोदायची परवानगी नगरपरिषद देते, म्हणाल्या, तर ही अट परवानगीतच टाकू.

तेवढ्यात माझी नात उठली, म्हणजे तुमची पणती. आयटीआय केलेली पोरगी आहे, या काचेच्या तारा जोडायचं काम शिकली आहे. तिने विचारलं, "आन् काम कोणाले? खड्डे खोदायले आमी, आन् तारा जोडायले बाहेरून माणसं, असं काहून? खोदणं दोन महिन्यात संपते साहेब. तार मंग रोजच तुटन. ते काम इथल्या पोरापोरींले द्या, ठेकेदाराच्या हाताखाली नाही, कंपनीत. पगाराची चिठ्ठी पाहिजे, पीएफ पाहिजे." एक बाई मागून म्हणाली, "आबाजीवर गेली वो पोरगी!" माझ्यावर नाही, बाबा. ती एकदाही पाणी प्यायला उठली नव्हती.

दोन्ही अटी लागल्या. सहज लागल्या नाहीत, बाईंनी नगरपरिषदेत बरंच ऐकून घेतलं, पण लागल्या. काम आमच्या बाजूने सुरू झालं. तारा जोडायचा पहिला डबा विहाराच्या भिंतीशेजारच्या खांबावर बसला. विणकराची सून आता घरात बसून साड्यांचे फोटो पाठवते. मी अजूनही रोज सकाळी जाऊन त्या डब्यावरचा हिरवा दिवा बघतो. न जाणो विझला असेल तर.

आता जे खरं लिहायचं आहे ते. कंपनीने इथल्या देखभालीसाठी चार जणांना घेतलं, त्यात नातीचं नाव आहे. आणि त्याच आठवड्यात तिला पुण्याहून बोलावणं आलं, मोठं काम, शिकायला जास्त. तिचा बाप, तुमचा नातू, पुण्यालाच गेला होता. आता दिवाळीपुरता येतो आणि पाहुण्यासारखा खुर्चीवर बसतो. सोमवारी तिला उत्तर द्यायचं आहे. काल भाकरी खाता खाता तिने विचारलं, "आबाजी, मी इथं राहावं म्हून भांडले काय तुमी?" मी म्हटलं, "नाही वो, वस्तीसाठी." तिने हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "मंग सांगा न, काय करू?"

माझी मागणी बरोबर होती, यात मला शंका नाही. पोरगी कुठेही गेली तरी चांगलंच करील, यातही नाही. पण मी जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला निघालो त्या दिवशी तुम्ही लाखांदूरच्या स्टँडपर्यंत चालत आलात, गुरांच्या चुन्नीच्या रिकाम्या पोत्यात तांदूळ बांधून दिलेत, आणि राहा म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. बस सुटेपर्यंत माझ्या पिशवीची गाठ घट्ट करत राहिलात. तुमच्या मनात तेव्हा काय होतं, ते मी कधी विचारलं नाही. आता मला ते हवं आहे.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला माहीत नाही, म्हणून तो उशीखालीच राहील. आणि नातीला सांगितलं ते अर्धंच खरं होतं, बाबा. मी सभेत उठलो तेव्हा वस्ती मनात होती, पण तिच्याही आधी नात होती. आज शनिवार आहे. स्टँडवर तुम्ही गप्प कसे राहिलात, तेवढं लवकर कळवा.