जवाबी कार्डं

कवठे महांकाळ
रविवार, ९ जानेवारी १९७७

आज कल्लाप्पांकडं कामाला आणि राहायला आलो. मागं ट्रंक आणि वळकटी बांधून साताऱ्याहून बुलेटवरनंच आलो. मिरज मागं पडल्यावर झाडं विरळ होत गेली, डावीकडं दंडोबाचा डोंगर, गार वारा, आणि गाडीनं एकदासुद्धा कुरकूर केली नाही. दुकानापुढं उतरलो तर कल्लाप्पा आधी गाडीला भेटले आणि मग मला. आर्मी डिस्पोजलची आहे म्हटल्यावर टाकीवरनं हात फिरवून म्हणाले, "गाडी बी फौजी, मालक बी फौजी. चला, आमची इंजिनं आता वळणावर येतील."

त्यांचं ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या पत्र्याच्या खोलीत मी राहायचं. आधीच सांगून ठेवलंय की जून ते दसरा मी इथं नसणार. पावसाळ्यात पंप बंद, त्यामुळं त्यांचीही हरकत नाही. त्यांच्या मंडळी गुणमालावहिनींनी ऊन असतानाच जेवण पाठवलं. जैनाघरी दिवस मावळल्यावर चूल नाही. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवार, १६ जानेवारी

भिंतीला नकाशा लावला. सातारा, नाशिक, धुळं, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, अंबाला, मनाली असे मुक्काम लाल पेन्सिलीनं खुणा करून ठेवले. मनालीच्या पुढं रोहतांगची खिंड, मग केलाँग, आणि त्यापुढं दोन-दोन दिवस माणूस दिसत नाही. तिथं तंबू ठोकायचा, प्रायमसवर भात करायचा, सकाळी गाडी पुसायची आणि पुढं निघायचं. सोबत कुणी नको.

कल्लाप्पांनी विचारलं, त्या बर्फात काय ठेवलंय? मला नीट सांगता आलं नाही. बायको अंजना जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. साताऱ्याला बहीण बनुबाई आहे, ती तिच्या संसारात. आणि हा थकवा. झोपून उठलो तरी अंगातनं जात नाही, डॉक्टरला सापडत नाही. चौदा वर्षं झाली. फौजेत असताना डाकेची मोटरसायकल घेऊन केलाँगच्या पुढं जायचो, तेव्हा मी असा नव्हतो. काहीतरी तिकडंच राहून गेलंय असं वाटतं.

मुक्कामाच्या गावी जवाबी कार्डं टाकली, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेली. विश्रामगृहाचे चौकीदार, पेट्रोल पंपवाले, एक धर्मशाळा. रस्ता कसा, तंबूला जागा मिळेल का, एवढंच विचारलंय. धुळा पोस्टमन म्हणाला, एवढी कार्डं या गावातनं दिवाळीलाबी जात न्हाईत.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

पहिलं कार्ड मनालीहून आलं. चौकीदारानं हिंदीत लिहिलंय. तीनदा वाचलं.

म्हणतो, फडतरेसाहेब, आपण आता वर जाण्याचा रस्ता का विचारता? गेल्या आठवड्यात तर आपण वरनंच आलात. खिंड बर्फानं बंद असताना मोटरसायकल कशी आणलीत, याचंच सगळ्यांना नवल. आपल्या केसांत बर्फ होता. शेकोटीजवळ बसलात तरी तो वितळला नाही. एक शब्द बोलला नाहीत. वहीत सही केलीत, नाथाजी फडतरे, आणि सकाळी उतरून गेलात.

धुळानं कार्ड आधीच वाचलं होतं. दोघंही हसलो. दुसरा कुणी फडतरे असेल. खटावाकडचे फडतरे फौजेत ढिगानं.

गुरुवार, ३ मार्च

अंबाल्याच्या पंपवाल्याचं कार्ड. तुम्ही आलात, टाकी भरून घेतलीत, एवढ्या थंडीत अंगावर नुसता शर्ट होता. उतरताना हात हँडलला चिकटले होते, गरम पाणी ओतून सोडवावे लागले. आता प्रकृती कशी आहे?

गाडीचा नंबर लिहिलाय. माझ्याच गाडीचा. आणि माझी गाडी दोन महिने या पत्र्याखाली उभी आहे.

कल्लाप्पांना दाखवलं. ते म्हणाले, कुणीतरी चेष्टा करतंय, नंबर काय कुणीबी लिहील. दुपारी इंजिनाचं फ्लायव्हील फिरवताना माझा दम गेला. पूर्वी एका हातानं फिरवायचो.

मंगळवार, १५ मार्च

निवडणुकीच्या जीपा कर्णे लावून फिरतायत. डोकं उठलंय.

आज ग्वाल्हेरहून जोतीरामचं पत्र आलं. जोतीराम कुंडलचा, माझ्याच पलटणीतला, आता तिकडं गिरणीत राखणदार आहे. तो मला भावासारखा ओळखतो. त्याला चेहऱ्याची चूक होणार नाही. पत्र जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

"नाथा गड्या, तू असा आलास आन असा गेलास, काय झालं तुला? दुपारी अंगणात येऊन बसलास. मी हात धरला तर बर्फाची लादी. आमच्या सुलाबाईनं भाकरी वाढली, तू नुसता वास घेतलास. पोरं घरात पळाली. तोंडातनं दोनच शब्द काडलेस, 'घरला चाललोय'. तू गेल्यापास्नं मला झोप न्हाई. गड्या, त्रेसष्टला बर्फाचा कडा कोसळला तवा तू गाडीसकट गाडला गेलास. दीड दिवस आमी खणत हुतो. तू सापडलास, श्वास चालू हुता, आन आमी खणायचं थांबवलं. थांबायला नको हुतं का काय, असं आता वाटतंय."

गाडलं गेल्याचं मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्यातलं काही आठवतही नाही. बाहेर काढल्यावर आभाळ दिसलं एवढंच आठवतं. आणि थकवा. तो त्याच दिवसापासून.

शनिवार, २६ मार्च

नकाशा काढून चुलीत घातला. जायचं रद्द. कल्लाप्पांना सांगितलं, ते बरं म्हणाले.

घालण्याआधी एकदा बघितलं. मनाली, अंबाला, ग्वाल्हेर. तो माझ्याच खुणांवर मुक्काम करतोय. शेवटाकडनं.

शनिवार, २ एप्रिल

धुळ्याच्या धर्मशाळेचं कार्ड. आपण आलात, फार आनंद झाला. पंगतीत सगळ्यांना हसवलंत. चार माणसांचं जेवलात. दुसऱ्या दिवशी आमची बैलगाडी नदीच्या वाळूत रुतली होती, ती एकट्यानं खांदा लावून काढलीत. पुन्हा अवश्य या.

ग्वाल्हेरला दोन शब्द बोलणारा धुळ्यात पंगत हसवतो. मनालीला ज्याचा बर्फ वितळत नव्हता तो —

माझा आवाज बसलाय. दुपारी गुणमालावहिनी खोलीत ज्वारीचं पोतं ठेवायला आल्या. मी खाटेवर समोर बसलेलो. पोतं ठेवून त्या वळल्या, मी खाकरलो तेव्हा दचकल्या. "आगं बया, तुमी हाय व्हय आत? दिसलाच न्हाई की वो."

दोन दिवस मला ताट आलेलं नाही. विसरतात. माझी तक्रार नाही, भूकही नाही.

सोमवार, ४ एप्रिल

पळून जायचं ठरवलं. खाली, कर्नाटकात, कुठंही. किक मारायला उभा राहिलो. पाय खाली गेलाच नाही. अकरा वेळा मारली. कल्लाप्पा आले, एका किकेत गाडी सुरू केली, माझ्याकडं न बघता म्हणाले, हिला कायबी झाल्यालं न्हाई.

मग चालत स्टँडवर गेलो. अथणीची गाडी लागली होती. पायरी चढवेना. कंडक्टरनं माझ्या तोंडावरच दार ओढून घेतलं, जणू तिथं कुणी नव्हतंच.

परत आलो. एवढ्या चालण्यानं दिवसभर उठवलं नाही.

सोमवार, ११ एप्रिल

बनुबाई आली. साताऱ्याहून पहाटेच्या एस.टी.नं. दारात उभी राहिली, आत आलीच नाही.

म्हणाली, शनिवारी दुपारी तू घरला आलतास. हसत. पंधरा वर्षांमागं फौजेतनं सुट्टीवर आला हुतास तसाच, टवटवीत. तीन भाकऱ्या खाल्ल्यास, पोरांना टाकीवर बसवून फेरी मारलीस. मी देवापुढं साखर ठेवली, म्हटलं माझा भाऊ मला परत मिळाला.

मी विचारलं, मग तू आज का आलीस?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाताना म्हणाला, बने, माझी खोली कुटं हाय गं? इसरलो बघ. मी सांगितली. कवठ्यात, कल्लाप्पांच्या दुकानामागं. त्यो गेल्यावर उमगलं, आपलीच खोली कोण इचारतं? म्हणून तुला बघाय आले."

मी हात पुढं केला. तिनं धरला आणि झटकन सोडला. स्वतःचा हात तिनं पदराला पुसला.

मग हळूच म्हणाली, "मग तू कोण रं?"

ती परतीच्या गाडीनं गेली. जाताना रडत होती, पण वळून बघितलं नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

बाहेर पत्रा तापून वाजतोय. खोलीत माझ्या तोंडातनं वाफ निघतेय.

मी सापडलो तेव्हा त्यांनी खणायचं थांबवलं. हेच डोक्यात. चौदा वर्षं तो तिथं —
आणि मी त्याचं सगळं वापरलं. नाव. पेन्शन. अंजनासुद्धा. ती म्हणायची, तुमी परत आलाच न्हाई वो तिकडनं. मी हसण्यावारी न्यायचो.

तिला कळलं होतं.

बुधवार, १३ एप्रिल

दुपार. बुलेटचा आवाज. मिरजेच्या बाजूनं.

माझी गाडी दारात उभी. बंद.

दुकानापुढं थांबला. कल्लाप्पांचा आवाज — "या, या नाथाजी! कवा गेलतासा? आन ही दुसरी गाडी कुणाची वो?"

तो हसला. माझं हसू. विसरलो होतो मी ते.

वहिनीही हसतायत. जेवून घ्या म्हणतायत. तो म्हणतो, आधी खोलीत जाऊन येतो, थोडं काम आहे.

कडी आतनं लावलीय. उठवत नाही. वहीवर बर्फाचे कण पडतायत, पुसले तर ओले होत नाहीत.

पावलं. दारापुढं थांबली. धक्का नाही, आरडाओरडा नाही. हळू आवाजात म्हणाला, "लय दमलास. आता मी हाय. उठ."

भ्यायला हवं. भीती आहेच, पण तिच्याखाली — कुणीतरी आलंय, आता हे सगळं तो उचलेल, मला फक्त आडवं —

नाही. उघडणार नाही. कडी लावलीय, मी दाराजवळच्या खाटेवर आहे, उजव्या हातानं लिहितोय. डावा हात मात्र माझं ऐकत नाही, तो कडीकडं